डोंगरातला जिओकॅश शोधायला काय न्यावं: फोन की हँडहेल्ड जीपीएस?

जिओकॅश (किंवा नुसता कॅश) म्हणजे कुणीतरी लपवून अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकलेला डबा, जो जीपीएसने शोधायचा. त्याच्या पानावर टेरेनचे, म्हणजे वाट किती अवघड ते सांगणारे, पाचपैकी साडेतीन-चार तारे दिसले आणि डबा पायवाट सोडून कुठेतरी कातळाखाली आहे हे वर्णनातून कळलं, की हा प्रश्न हमखास येतो. खिशातला फोन पुरेल, की हँडहेल्ड, म्हणजे फक्त जीपीएससाठीचं हातात मावणारं वेगळं यंत्र, घ्यायला हवं? बहुतेक तुलना अचूकतेपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. डोंगरात निवड खरं तर बॅटरी, पाऊस, नकाशा आणि परतीची वाट यांवर करायला हवी. तरी अचूकतेचा हिशेब आधी मिटवू, कारण गैरसमज सगळ्यात जास्त तिथेच आहेत.

मीटरचा हिशेब

मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. तोवर शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होणारं स्थान एकदम दहा-वीस मीटरच्या आत आलं, आणि ३ मे २००० ला डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात पहिला जिओकॅश, एक बादली, लपवला. आज मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. हँडहेल्डही मोकळ्यावर तितपतच. त्यामुळे माळरानावर या दोघांत निवडण्यासारखं काही नाही.

फरक दाट झाडीत आणि कड्याच्या पायथ्याशी पडतो. उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्राला ते अंतर खरं वाटतं. उपग्रहाची लहर वर्तुळाकार फिरत येते आणि परावर्तित झाली की उलट दिशेने फिरू लागते. चांगल्या हँडहेल्डचा अँटेना अशी उलटी लहर बऱ्याच अंशी बाजूला सारतो. फोनचा छोटा अँटेना दोन्ही सारख्याच घेतो, आणि मूळ सिग्नलची जवळजवळ निम्मी ताकदही गमावतो. घळीत उभं राहून फोनवरचा बाण डोळ्यांदेखत वीस मीटर उडी मारतो, तो यामुळे.

ही दरी दुहेरी फ्रिक्वेन्सीने थोडी बुजवली आहे. उपग्रहाच्या एल-वन (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) सिग्नलसोबत एल-फाइव्ह (११७६.४५ मेगाहर्ट्झ) हा दुसरा सिग्नलही घेणारे फोन २०१८ पासून मिळतात. एल-फाइव्हचा कोड दहापट वेगाने बदलतो, त्यामुळे आपटून आलेला सिग्नल मूळ सिग्नलपासून वेगळा काढणं सोपं जातं. गार्मिनच्या जीपीएसमॅप ६५ मध्येही ही सोय आहे. थोडक्यात, दुहेरी फ्रिक्वेन्सीचा फोन जुन्या एकेरी हँडहेल्डपेक्षा कातळाखाली सरस ठरू शकतो. "हँडहेल्ड म्हणजे अचूकच" असं सरसकट म्हणणं आता बरोबर नाही.

स्क्रीनवर "अचूकता ३ मीटर" दिसतं, त्याचा अर्थही नीट समजून घ्या. अँड्रॉइडमध्ये तो आकडा ६८ टक्के खात्रीचं वर्तुळ असतो. म्हणजे तीनपैकी एकदा तुम्ही त्या वर्तुळाबाहेर असता. शिवाय ज्याने डबा लपवला त्याचीही चूक पानावरच्या अक्षांश-रेखांशांत बसलेली असते. त्याची ८ मीटर आणि तुमची १० मीटर धरली तर एकत्रित चूक सुमारे १३ मीटर होते. पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ७८ चौरस मीटर जागा असते, तेरा मीटरच्या वर्तुळात ५३० चौरस मीटर. कितीही महागडं यंत्र घेतलं तरी लपवणाऱ्याची चूक कमी होत नाही. अचूकतेसाठी जास्त पैसे मोजण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

बॅटरी आणि पाऊस

इथे मात्र हँडहेल्ड स्पष्ट पुढे आहे. गार्मिन ई-ट्रेक्स २२एक्स किंवा ३२एक्स दोन एए सेलवर सुमारे २५ तास चालतात, वजन सेलसकट दीडशे ग्रॅमच्या आत. सेल संपले तर दोन नवे घालायचे, अर्ध्या मिनिटाचं काम. मेन्यूत सेलचा प्रकार (अल्कलाइन, लिथियम, रिचार्जेबल) निवडायला विसरू नका. तो चुकला की उरलेल्या चार्जचा अंदाज खोटा दिसतो आणि यंत्र ऐन वेळी बंद पडतं. थंडीत अल्कलाइन लवकर बसतात. तिथे लिथियम एए घ्या.

फोन चालू स्क्रीन आणि सतत जीपीएस यांवर पाच-सहा तासांत बसतो. त्यात रेंज शोधण्यातही बराच चार्ज जातो. दरीत उतरलात की फोन टॉवर शोधत राहतो, म्हणून चालायला लागण्याआधीच फ्लाइट मोड लावा. आजच्या फोनमध्ये फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालू राहतो. पण आधी मोकळ्या जागी, रेंज असताना, एकदा स्थान पक्कं होऊ द्या. रेंजमध्ये फोन उपग्रहांच्या कक्षांची माहिती इंटरनेटवरून घेतो. रेंजबाहेर तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, दर उपग्रहामागे साधारण अर्धा मिनिट अखंड सिग्नल लागतो, आणि झाडीखाली तो तुटत राहतो. "फोन जंगलात जागाच दाखवत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

दहा हजार एमएएचची पॉवरबँक मोठ्या बॅटरीचा फोन साधारण दीड वेळा भरते, दोन वेळा नाही. रूपांतरात आणि केबलमध्ये बरंच जातं. केबल दोन न्या. पॉवरबँकपेक्षा केबलच आधी दगा देते.

पावसात टचस्क्रीन थेंबांना बोट समजते आणि नकाशा आपोआप सरकतो. हातमोजे असतील तर आणखी अवघड. हँडहेल्डच्या बटणांना याने फरक पडत नाही, आणि त्यांची स्क्रीन कडक उन्हात बॅकलाइटशिवाय उलट जास्त स्पष्ट दिसते. फोन घेऊन दोन्ही हातांनी कातळ चढायचा असेल तर तो मनगटाच्या दोरीला बांधा, नाहीतर सॅकमध्ये ठेवा. खिशातून निसटलेला फोन घळीत गेला की त्याच्याबरोबर नकाशाही जातो.

नकाशा, माहिती आणि आधीच्या नोंदी

फोन इथे सहज जिंकतो, आणि डोंगरात ही बाजू छोटी नाही. मोठ्या स्क्रीनवर समोच्च रेषांचा ऑफलाइन नकाशा दिसतो, हिंटचा फोटो मोठा करून पाहता येतो, आधीच्या वीस-पंचवीस नोंदी वाचता येतात. शेवटच्या चार नोंदी "सापडला नाही" अशा असतील तर डबा बहुधा तिथे नाहीच. ही गोष्ट सहाशे मीटर चढण्याआधी कळलेली बरी.

हँडहेल्डमध्ये काय दिसतं ते तुम्ही कोणती फाइल चढवता यावर अवलंबून आहे. एलओसी फाइलमध्ये जवळपास फक्त नाव आणि अक्षांश-रेखांश असतात. जीपीएक्स फाइलमध्ये वर्णन, हिंट, तारे आणि शेवटच्या काही नोंदी येतात. जिओकॅशिंग डॉट कॉमवर जीपीएक्स आणि एका वेळी हजारापर्यंत कॅशची पॉकेट क्वेरी (एकगठ्ठा उतरवायची यादी) प्रीमियम सदस्यांना मिळते. हँडहेल्डची किंमत काढताना ही वर्गणी धरायला लोक विसरतात. अँड्रॉइडवर सी-जिओ हे अ‍ॅप विनामूल्य आहे आणि कॅशची माहिती ऑफलाइन साठवतं. त्यात कॅश आणि नकाशा दोन्ही स्वतंत्रपणे उतरवावे लागतात. एकच उतरवून निघाल्यावर वर जाऊन रिकाम्या चौकटी दिसतात. फ्लाइट मोड लावून घरातच एकदा उघडून पाहा.

हाताने आकडे भरणार असाल तर स्वरूप तपासा. कॅशचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात. ३१.२४५ मिनिटं म्हणजे ३१ मिनिटं १४.७ सेकंद. ते ३१ मिनिटं २४.५ सेकंद म्हणून भरलं तर अक्षांशात जवळजवळ ३०० मीटरची चूक होते, म्हणजे बहुतेक वेळा शेजारची घळ. यंत्राच्या सेटिंगमध्ये डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, डब्ल्यूजीएस ८४ असायला हवा.

आणखी एक सापळा दोन्हींना सारखाच आहे. यंत्र दाखवतं ते आडवं अंतर, उंची त्यात नसते. कड्याचा माथा आणि पायथा यांचे अक्षांश-रेखांश जवळजवळ एकच असतात. माथ्यावर उभं राहून "० मीटर" दिसलं तरी डबा चाळीस मीटर खाली असू शकतो. म्हणून बाणामागे सरळ जाऊ नका. "२०० मीटर" दिसतंय आणि मध्ये दरी आहे, असं असेल तर बहुतेकदा लपवणारा पायवाटेने दुसऱ्या सोंडेवरून आलेला असतो. समोच्च रेषा पाहून त्याची वाट शोधा. छोट्या स्क्रीनच्या हँडहेल्डवर हे वाचणं कष्टाचं आहे, ही त्याची खरी उणीव.

शेवटचे तीस मीटर

इथे यंत्रापेक्षा पद्धत जास्त कामाची. तरी यंत्रांच्या सवयी वेगळ्या आहेत, त्या माहीत हव्यात.

ई-ट्रेक्स २२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. थांबलात की त्याच्या बाणावर विश्वास ठेवता येत नाही, दिशा कळायला चालत राहावं लागतं. ३२एक्समध्ये होकायंत्र आहे, आणि डोंगरासाठी दोघांत निवडायचं तर याच एका कारणासाठी ३२एक्स घ्या. सेल बदलल्यावर होकायंत्र पुन्हा जुळवा. फोनमध्ये होकायंत्र असतंच, पण चुंबकी झाकणाचं कव्हर त्याला पार बिघडवतं. कव्हर काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. हँडहेल्ड धरण्याची पद्धतही मॉडेलवर ठरते: वर जाड दांड्यासारखा अँटेना असलेलं जीपीएसमॅप उभं धरायचं, ई-ट्रेक्स आडवं, तोंड आकाशाकडे.

तीस मीटरवर आलात की थांबा. जवळपास उघडी जागा असेल तर तिथे यंत्र दगडावर दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा, मग डब्याची दिशा आणि अंतर वाचा. साध्या होकायंत्राने त्या दिशेला एखादं झाड किंवा खडक हेरून ठेवा. साधारण काटकोनातल्या दुसऱ्या उघड्या जागेवरून हेच पुन्हा करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथून शोध सुरू करायचा. चाळीस मीटरवरून होकायंत्रात ५ अंश चुकले तरी फरक साडेतीन मीटरचाच पडतो. कड्याखाली बाणामागे गोल गोल फिरण्यापेक्षा ही रीत कितीतरी चांगली.

त्यानंतर यंत्र खिशात टाका. दहा मीटरच्या आत बाण बघत राहिलात तर डोळे स्क्रीनवर राहतात आणि डबा शेजारून निघून जातो. कॅशचा आकार लक्षात ठेवा: मायक्रो १०० मिलीलिटरच्या आतला, स्मॉल एक लिटरपर्यंत, रेग्युलर त्याहून मोठा. रेग्युलर डबा झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या कपारीतच मावणार, मायक्रो कुठेही. निसर्गात आपोआप न होणारं काही दिसतंय का ते पाहा: समांतर रचलेल्या काटक्या, शेवाळ वर असायला हवं तिथे खाली गेलेला दगड, बुंध्याशी एकाच ठिकाणी जमलेली वाळकी साल. कपारीत आधी काठी घाला, मग हात. दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवा. डब्यातल्या कागदावर नाव लिहायला मायक्रोमध्ये पेन नसतो, आणि ओल्या कागदावर शाई पसरते, म्हणून पेन्सिल न्या.

मग घ्यायचं काय?

रुळलेली पायवाट, एका दिवसाची चाल, टेरेन तीनपर्यंत: फोन घ्या. ऑफलाइन नकाशा, पॉवरबँक, दोन केबल, फ्लाइट मोड. यासाठी हँडहेल्ड विकत घेऊ नका, पहिले दहा-पंधरा कॅश तरी फोनवरच शोधा.

वाट सोडून झाडीत शिरायचं असेल, मुक्काम असेल, पाऊस किंवा कडक थंडी असेल, तर हँडहेल्ड हातात आणि फोन बंद करून सॅकमध्ये, कोरड्या पिशवीत. फोन इथे वाट दाखवायला नाही, मदत मागायला राखायचा. साधा हँडहेल्ड सिग्नल फक्त घेतो, तुमची जागा कुणालाही पाठवत नाही. बऱ्याच जणांना उलट वाटतं आणि ते घरी वेळ न सांगता निघतात. संदेश पाठवणारी उपग्रह यंत्रं वेगळी असतात आणि त्यांना वेगळी वर्गणी लागते.

दोघं असाल तर एकाने फोन, दुसऱ्याने हँडहेल्ड न्यावा. दोघांची यंत्रं जिथे "० मीटर" दाखवतात त्या जागा एकमेकींपासून बारा मीटरवर आल्या तर मधल्या पट्ट्यापासून शोध सुरू करा. आणि काहीही घेतलंत तरी जिथे पायवाट सोडली त्या जागेची खूण यंत्रात नोंदवा, ट्रॅक रेकॉर्डिंग चालू ठेवा, परतायची वेळ आधी ठरवा. फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सेटिंग पार्श्वभूमीत चाललेलं अ‍ॅप गुपचूप बंद करते आणि ट्रॅक अर्ध्यावर तुटतो. त्या अ‍ॅपला या सेटिंगमधून वगळा. हे जमत नसेल, तर हँडहेल्डकडे वळायला तेवढं एक कारणही पुरेसं आहे.

हँडहेल्ड जुना घेणार असाल तर सेलच्या खणातली पत्री हिरवी पडली आहे का, यूएसबीच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का आणि बटणांचं रबर तडकलं आहे का, हे पाहा. चालू करून तारीखही बघा. एप्रिल २०१९ मध्ये जीपीएसची आठवड्यांची मोजणी १०२४ वर पोचून पुन्हा शून्यावर आली. तेव्हापासून सॉफ्टवेअर अपडेट न मिळालेली काही जुनी यंत्रं तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवतात. स्थान बहुधा ठीक येतं, पण ट्रॅक आणि "सापडला"च्या नोंदी चुकीच्या दिवसावर पडतात.