एनए (बिगरशेती) प्लॉट म्हणून पूरपट्ट्यातलं उसाचं रान विकलं, आमचे १०,८६,५०० गेले

कोल्हापूरच्या आसपास गुंठा-दोन गुंठे बघत असाल तर हे पूर्ण वाचा. पन्हाळा रोडच्या बाजूला आम्ही २ गुंठे घेतले, गावाचं नाव लिहीत नाही कारण तिथल्या शेतकऱ्यांचा यात काही दोष नाही, उलट तेच आमच्याबरोबर भोगतायत. दर गुंठ्याला ४,७५,००० म्हणजे ९,५०,०००, त्यातले ५१,००० टोकन, ६,००,००० चेकनं आणि बाकीचे २,९९,००० रोख. वर डेव्हलपमेंट चार्जेस म्हणून १,१०,०००, कमिशन १९,०००, स्टॅम्प आणि नोटरी ७,५००. मिस्टरांची सगळी ग्रॅच्युइटी त्यात गेली.

रोख का दिले म्हणून कुणी शहाणपण शिकवू नका, इथं रोखीशिवाय कुठला प्लॉट मिळतो ते मला दाखवा. आम्ही अडाणी पण नाही. मिस्टर फाउंड्रीत सुपरवायझर होते, कागद वाचता येतात. एजंटनं एनए ऑर्डरची झेरॉक्स दाखवली, सही-शिक्का होता, लेआउटचा रंगीत नकाशा होता, त्यात बगीचा, ४० फुटी रस्ता, सगळं. ऑर्डर खरीच निघाली, पण ती रस्त्याच्या वरच्या अंगाच्या दुसऱ्याच गटाची, म्हणजे दुसऱ्याच नंबरच्या जमिनीची! आमच्या नकाशावर जिथं गट नंबर असतो तिथंच नेमका गोल शिक्का मारलेला. नकाशावर गट नंबर स्वच्छ वाचता येत नसेल तर तिथंच उठा, चहा पण घेऊ नका.

आणि ती मोटरीची खोली. ती आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. प्लॉटला लागूनच एका शेतकऱ्याची विटांची मोटरीची खोली आहे, वर सिमेंटचा पत्रा. तिच्या भिंतीवर खिडकीच्याही वर, जवळजवळ पत्र्याला टेकून, चारी बाजूंनी एक मातकट रेघ होती. रेघेच्या खाली भिंतीचा रंग वेगळा, वर वेगळा, आणि वरच्या एका खिळ्याला उसाचं पाचट अडकून वाळलेलं. मी एजंटला विचारलं होतं, हे काय म्हणून. तो म्हणाला, "वहिनी, जुनी भिंत आहे, ओल चढलीया." ओल अशी चारी बाजूंनी एका रेषेत पत्र्यापर्यंत चढते का हो? पण आम्ही उभे होतो चार-पाच फूट मुरमाच्या भरावावर, तिथून ती खोली खड्ड्यात दिसत होती, आमची जागा उंच वाटत होती, आणि तेवढ्यात त्यानं मिस्टरांना बगीच्याची जागा दाखवायला पुढं नेलं. विषय तिथंच संपला. शेजारच्या शेतकरीमामांना विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं, पण एजंट बाजूला हलतच नव्हता, आता कळतंय का हलत नव्हता ते. नंतर मामा स्वतःहून म्हणाले, "ताई, एकोणीसला आन् एकवीसला खोलीचा नुसता पत्रा दिसत हुता."

२०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोका पातळी ४३ आहे. आमच्या रानात तर इशारा पातळी ३९ ओलांडली की पाणी येतं, म्हणजे रेडेडोह (पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पसरतं ती जागा) फुटायची वाट बघायलाच नको. नंतर झोन दाखला, म्हणजे जमीन कुठल्या विभागात येते त्याचा कागद, काढला तर गट शेती विभागात, आणि अर्ध्याच्या वर निळ्या रेषेच्या आत. २५ वर्षांत एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो ती निळी रेषा, तिच्या आत बांधकाम बंदच. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा टोकनच्या आधी बघायचा, नंतर नाही.

सातबारा पण नीट बघा. आमचं नाव सातबाऱ्यावर लागलंच नाही, नुसतं नोटरीचं साठेखत, म्हणजे पुढं खरेदी करायचा करार, हातात. शेती विभागातल्या जमिनीला तुकडेबंदी (जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदीचा कायदा) आहे, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठ्यांच्या खाली खरेदीच होत नाही, एनए नसेल तर २ गुंठ्यांचं खरेदीखत करणार कुठनं? सातबाऱ्याच्या इतर हक्कात सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा पण आहे.

पैशापेक्षा मला जास्त राग कशाचा येतो सांगू? हे लोक काळी कसदार जमीन, जिच्यात पावसाचं पाणी मुरत होतं आणि पूर आला की पसरून हळूहळू उतरत होता, ती मुरूम टाकून बुजवतात. मुरूम तरी कुठला, कुठल्या तरी डोंगराची कड फोडून आणलेला. प्लॉटिंगच्या मधून ओढा जात होता तो बुजवून तिथं दोन फुटी पाईप टाकलाय. ओढ्याचं पाणी दोन फुटात मावतं का? ते आता मागच्या उसात तुंबतं. मामांच्या सरीत पाणी दिवसेंदिवस उभं राहिलं, शेंडा कुजला, उभा ऊस वाया गेला. पलीकडं ज्यांनी आधीच घरं बांधलीत त्यांच्या शोषखड्ड्यांचं पाणी पुरात थेट विहिरीत जातं, तीच विहीर गाव पितं. आणि काळ्या मातीवर नुसता भराव टाकून बांधलेल्या घरांच्या भिंतींना तडे गेलेत, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. प्रत्येकजण आपला प्लॉट दोन फूट वर घेतो आणि पाणी शेजाऱ्याकडं ढकलतो, मग पूर आला की सगळे मिळून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावानं बोटं मोडायची.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. अहो दुसऱ्या गटाची ऑर्डर दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? महसूलचे साहेब म्हणतात, या गटाला आम्ही एनए दिलाच नाही तर आमचा काय संबंध. दिला नाही म्हणूनच तर आलोय ना साहेब! तलाठी म्हणतो सर्कलना (मंडळ अधिकाऱ्यांना) भेटा, सर्कल मीटिंगला, मीटिंगवरनं आले की पूर ड्युटी. झोनवाल्या ऑफिसात सांगितलं की दाखला आधीच मागायला पाहिजे होता, जसं काय आम्ही विचारल्यावर लगेच दिला असता. भरावाचा आणि ओढ्याचा वेगळा अर्ज दिला, फोटो जोडले, डंपर दिवसाढवळ्या मुरूम ओततोय ते दिसतंय, तर पंचनाम्याला माणूस नाही. रस्त्याकडंला एवढा मोठा बोर्ड, "एनए प्लॉट, बँक लोन उपलब्ध", तो एकाही साहेबाला गाडीतनं जाता-येता दिसला नाही? गरीब माणसानं गावठाणात पडवी वाढवली की लगेच नोटीस येते. इथं ओढा गडप झाला आणि कागदावर अजून वाहतोय.

परत मिळाले फक्त ५०,०००, ते पण "तक्रार मागं घ्या" म्हणून. घेतली नाही.

कुठलीही जागा जुलैत बघा, मार्चमध्ये नाही. एजंटबरोबर जाऊ नका, एकदा एकटे जा आणि शेजारच्या शेतकऱ्याला २०१९ ला पाणी कुठवर होतं ते विचारा. डिजिटल सहीचा सातबारा स्वतः ऑनलाइन काढा, व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ धरू नका. मोजणी झाल्याशिवाय खांब रोवलेत म्हणून हद्द समजू नका.

त्याच माणसानं आता दुसऱ्या बाजूला बोर्ड लावलाय, दसऱ्याचं बुकिंग, टोकन परत ५१,००० च. ज्यांचे पैसे पन्हाळा रोडच्या त्या प्लॉटिंगमध्ये अडकलेत त्यांनी चेकच्या नोंदी, साठेखत आणि एजंटचे मेसेज डिलीट करू नका, ओढ्याकडंच्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन आम्ही एकत्र तक्रार देतोय.