चावी शोधणारा टॅग, ९ महिन्यांनंतर: सगळं बरं, पण तो बॅटरीचा सेल!

मागच्या दिवाळी सेलमध्ये ८९९ ला दोन टॅग घेतले, ॲन्ड्रॉइडवाले. आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत, निघून जातात. नेलकटर, कात्री, सांडशी, स्कूटीची चावी. चमचे दिवाळीला डझन आणले की होळीला सात उरतात. (हे आपल्याकडेच नाही बरं का, मेलबर्नच्या एका संशोधन संस्थेत खुणा केलेले ७० चमचे ठेवले होते, ५ महिन्यांत ५६ गायब, २००५ साली बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, तिथे पण डबा घेऊन तूच जात होतास का.)

पहिले दोन-तीन महिने मी सगळ्यांना घ्या घ्या म्हणत सुटलो होतो. एक टॅग स्कूटीच्या चावीला, दुसरा आईच्या कपाटाच्या किल्लीला. मोबाईलवर दाबलं की टिंव टिंव. एकदा चावी कुठेच वाजेना, दूध काढायला फ्रीज उघडला तर कोथिंबिरीच्या पिशवीतून आवाज. आणि आईची किल्ली सापडली नाही की आधी कामवाल्या मावशींकडे बघितलं जायचं ते बंद झालं, कारण किल्ली दर वेळी आईच्याच उशीच्या अभ्र्यात वाजते.

पण आवाज बारीक आणि चिरका आहे. वय झालं की आधी असेच चिरके आवाज ऐकू यायचे कमी होतात. म्हणजे जिची किल्ली रोज हरवते तिलाच तो ऐकू येत नाही! तिने आता किल्लीला जुन्या पैंजणाचं घुंगरू बांधलंय.

आता मुख्य रडगाणं. सातव्या महिन्यात चावीचा टॅग मेला. ठीक आहे, सेल कधीतरी संपणारच, सीआर२०३२ असतो, २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड म्हणून तो नंबर. चांगल्या कंपनीचं पाच सेलचं पाकीट आणलं, घातला, ढिम्म. दुसरा घातला, ढिम्म. कस्टमर केअरला चॅटवर ४० मिनिटं, रीसेट करा, ॲप काढून परत टाका, शेवटी 'सर वॉरंटी ६ महिन्यांची होती, नवीन घ्या'. मी त्याच रात्री एक स्टार देऊन मोकळा झालो.

मग कळलं की लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू लेप लावतात. लेप हवाच, सेल घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. पण तो लेप नेमका टॅगच्या पत्रीखाली आला की करंट जात नाही. ॲपलनेसुद्धा एअरटॅगच्या माहितीत लिहिलंय की कडू लेपवाले सेल कदाचित चालणार नाहीत. मग हे चॅटवरच्या भल्या माणसाला माहीत नको? मायनस बाजूला कडेने लेपाचं फिकट रिंगण दिसलं, खोडरबराने घासलं, टॅग लगेच वाजला. ४० रुपयांच्या सेलपायी मी ४५० चा टॅग कचऱ्यात टाकणार होतो. (घरात लहान मूल असेल तर असले उद्योग करू नका, बिनालेपाचा सेल आणा आणि वर ठेवा.)

बाहेर हरवलं तर? यात जीपीएस नाही, आजूबाजूच्या लोकांचे फोन त्याचा ब्लूटूथ सिग्नल पकडतात. ठाण्यात भाजी मार्केटला चावी पडली, दहा मिनिटांत ठिकाण दिसलं. गावी चिपळूणच्या पुढे बागेत पडली तर दिवसभर 'शेवटचं ठिकाण: घर'. तिथे फोन घेऊन फिरणार कोण, माकडं?

एक स्टारचे आता साडेतीन केलेत, अर्धा त्या चॅटसाठी कापलाय. सांडशीला पण टॅग लाव असं बायको म्हणत होती, गॅसजवळ नको म्हणून टाळलं. पाकिटातले लेपवाले चार सेल पडून आहेत, वजनकाट्याला चालतायत का ते उद्या बघतो.