इंग्लंडमध्ये भाड्याचं घर: कॉम्बी बॉयलरचं बघावं की टाकीचं?

आमचं इथलं पहिलं घर स्लाऊमध्ये होतं. नरक चतुर्दशीच्या पहाटे सासूबाई तेल-उटणं लावून आंघोळीला गेल्या आणि मी खाली फराळाबरोबरच्या पोह्यांसाठी, चहासाठी गॅसचे चारही बर्नर पेटवले. पाचच मिनिटांत वरून हाक आली, "अगं, पाणी गार पडलं!" ओट्याशेजारच्या बॉयलरवर एक आकडा लुकलुकत होता. मी गॅस बंद केला, बॉयलरचं बटण दाबलं, तेव्हा कुठे तो पेटला. तोवर त्या अंगाला उटणं तसंच ठेवून कुडकुडत उभ्या होत्या.

तो कॉम्बी बॉयलर होता. यात पाणी साठवलेलं नसतं, नळ सोडला की त्याच क्षणी तापवायचं. शॉवरला मिनिटाला 10 लिटर पाणी लागतं आणि ते 35 अंशांनी तापवायचं म्हटलं तर जवळजवळ 24 किलोवॅट ताकद हवी. एवढी ताकद द्यायची तर गॅसही तितक्याच जोराने यायला हवा. मीटरपाशी दाब साधारण 21 मिलिबार असतो आणि बॉयलरपर्यंत पोचताना त्यात 1 मिलिबारपेक्षा जास्त घट पडू नये, असा इथला दंडक आहे. नळी बारीक, लांब आणि वळणावळणाची असली की हे गणित फसतं.

आमच्याकडे पहिल्या खेपेला आलेल्या माणसाने सगळं बंद ठेवून दाब मोजला आणि "ठीक आहे" म्हणून गेला. दुसऱ्या खेपेला आलेल्या बाईने मात्र शॉवर आणि गॅस दोन्ही चालू करायला लावले. मीटरपाशी 21, बॉयलरपाशी 15. जुना छोटा बॉयलर काढून मोठा बसवताना 15 मिलिमीटरची नळी तशीच ठेवली होती. ती 22 मिलिमीटरची केल्यावर त्रास थांबला, पण घरमालकाला पटवण्यात दीड महिना गेला.

इथे एक घोळ हमखास होतो. बॉयलरखालचा काटा पाण्याचा दाब दाखवतो, गॅसचा नाही. तो थंड असताना 1 ते 1.5 बार हवा. तो खाली आला असेल तर पाणी भरायचं असतं आणि कित्येक घरमालक ते भाडेकरूलाच करायला सांगतात. गॅसच्या दाबाला मात्र आपण हात लावायचा नाही. मीटरवरचा रेग्युलेटर सीलबंद असतो. मीटरपाशीच दाब कमी असेल तर तो गॅसवाहिन्या सांभाळणाऱ्या कंपनीचा विषय. मीटरपासून पुढची नळी आणि बॉयलर घरमालकाचे. 1985 च्या भाडेकरू कायद्याचं 11 वं कलम गॅस, पाणी आणि गरम पाण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकतं. म्हणून तक्रार ईमेलनेच करा. फोनवरचं बोलणं कुणाला आठवत नाही. आणि प्रीपेड मीटर असेल तर आधी त्यात पैसे आहेत ना ते बघा.

आता टाकीचं घर. आपल्या आजोळच्या बंबासारखंच, फक्त कपाटात उभं केलेलं. बॉयलर पाणी आधीच तापवून ठेवतो, त्यामुळे शॉवर आणि स्वयंपाक एकाच वेळी चालू झाले म्हणून कुणाची आंघोळ अडत नाही. गॅस अगदीच रुसला तर बहुतेक टाक्यांत विजेचा 3 किलोवॅटचा रॉड असतो. 150 लिटर पाणी त्यावर अडीच-तीन तासांत तापतं. महाग पडतं, पण घरात तान्हं बाळ असेल तर त्या रात्री ते सोन्यासारखं वाटतं. खोट दोन ठिकाणी आहे. टाकी संपली की थांबा, आणि माळ्यावरच्या टाकीतून पाणी येत असेल तर वरच्या मजल्यावर शॉवरची धार बारीक लागते.

सगळं विजेवर चालणारं घर असेल तर गॅसच्या दाबाची कटकटच नाही. पण विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट पडतं, म्हणून हिवाळ्यातल्या बिलाचा अंदाज घेतल्याशिवाय सही करू नका.

मला विचाराल तर दोघंच असाल आणि घर लहान असेल, तर शेवटी दिलेल्या चाचणीत पास झालेला कॉम्बी घ्या. जागा वाचते आणि पाणी संपत नाही. आई-वडील भारतातून येऊन महिनोन् महिने राहणार असतील, सकाळी चार आंघोळी आणि डबे एकदमच होत असतील, तर टाकीचंच घर बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

घर दाखवणाऱ्याकडे गॅस सुरक्षा प्रमाणपत्र मागा. तपासणी दर वर्षी, गॅस सेफ (गॅसची कामं करणाऱ्यांची इथली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडूनच व्हावी लागते आणि राहायला जाण्याआधी त्याची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. त्यात दाब किंवा उष्णतेचा एक रकाना असतो, तो रिकामा नाही ना ते पाहा. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, तेही पाहा. मग शॉवर पूर्ण सोडा, खाली चारही बर्नर पेटवा आणि पाण्याखाली हात धरून पाच मिनिटं उभे राहा. एजंट घड्याळाकडे बघेल, बघू द्या. धार कोमट झाली तर तिथल्या तिथे विचारा, मीटरपासून नळी किती मिलिमीटरची आहे?