मंगळवारची टेकडी, वेरूळची सहल की आजोळचा मुक्काम? होमस्कूलिंगमधलं फिरणं बसवताना

जून तोंडावर आला की ओळखीतल्या एक-दोन घरांतून फोन येतोच. मुलाला घरीच शिकवायचं हे पक्कं झालेलं असतं, पुस्तकं आलेली असतात, आणि गाडी एका प्रश्नावर अडलेली असते: बाहेर नेऊन शिकवायचं तर आहे, पण ते आठवड्यात बसवायचं कसं? आम्ही पुण्यात सात वर्षं हे करतोय. थोरली आता तेरा वर्षांची आहे, धाकटा नऊचा. या काळात तीन पद्धती मनापासून करून पाहिल्या. आठवड्यातला एक दिवस ठरवून गावातल्या गावात जाणं, वर्षातून एक-दोन मोठ्या सहली काढणं, आणि आजोळी जाऊन पंधरा दिवस राहणं. तिन्हींनी मुलांना भरपूर दिलं, पण एकीचं देणं दुसरीत मिळत नाही, आणि घराची जी ओढाताण होते तीही प्रत्येकीत वेगळी.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिलं वर्ष असेल तर ठरलेला दिवस घ्या, आणि त्यातले निम्मे दिवस एकाच जागेला द्या.

ठरलेला दिवस, गावातल्या गावात

आमचा मंगळवार. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, शनिवार-रविवारी सगळीकडे झुंबड, म्हणून मंगळवार. एका मंगळवारी वेताळ टेकडी, पुढच्या मंगळवारी गावातली एखादी जागा: जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणं, राजा दिनकर केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस. सकाळी सातला डबा घेऊन निघायचं, अकरापर्यंत घरी. खर्च म्हणजे पीएमपीच्या बसचं तिकीट आणि कधी प्रवेशाचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जागांवर पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं.

टेकडीवर खाणीच्या पलीकडे एक पळस आहे. पहिल्या वर्षी थोरली दर पंधरा दिवसांनी त्याच्यासमोर बसून त्याचं चित्र काढायची. जानेवारीत पानं विरळ झाली. मग फांद्यांवर काळपट, मखमली कळ्या दिसल्या, आणि एका मंगळवारी अख्खं झाड शेंदरी झालेलं. धाकटा तेव्हा लहान होता. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण त्याने आजीकडून ऐकलेली, म्हणून तो एकेक देठ धरून मोजत बसला. तिन्हींचा देठ एकच आहे हे त्यानेच दाखवलं, आणि मग ही तीन पानं की एकाच पानाची तीन दलं, यावर बहीण-भावात जुंपली. घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा ती तीन दलं निघाली. ते पान पुस्तकात आधीपासून होतं, पण त्या दिवसापर्यंत कुणाला ते उघडावंसं वाटलं नव्हतं.

खरी गोष्ट दुसऱ्या वर्षीची. थोरलीने वहीतली तारीख पाहून जाहीर केलं की पुढच्या खेपेला पळस फुललेला असेल. फुललेला नव्हता. तिने घरी येऊन दोन्ही वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या: थंडी कधी सरली, शेवटचा पाऊस कधी पडला. उत्तर सापडलं नाही. पण अंदाज बांधायचा, तो चुकला की नोंदी पुन्हा चाळायच्या, हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. एकदाच जाऊन आलो असतो तर पळस हे वहीतलं एक सुंदर चित्र होऊन राहिला असता.

आता अडचणी. पहिले दोन महिने 'आज परत तिथंच?' हे ऐकावं लागतं, आणि ते ऐकून जागा बदलण्याचा मोह होतो. बदलू नका. सातव्या-आठव्या खेपेला मुलं स्वतःच काहीतरी शोधायला लागतात. दुसरी अडचण मोठी आहे: एका मोठ्या माणसाची सकाळ दर आठवड्याला मोकळी लागते. आमच्याकडे पहिली दोन वर्षं मी अर्धवेळ काम करत होते म्हणून ते जमलं. दोघंही पूर्णवेळ नोकरीत असाल आणि घरी आजी-आजोबा नसतील, तर मंगळवारचा हट्ट धरू नका, रविवारी पहाटे जा. आणि पावसाळ्यात टेकडीच्या वाटा निसरड्या होतात. त्या दिवसांत आम्ही केळकर संग्रहालयातच जातो. तिथे मी एकाच दालनाचा नियम ठेवलाय. एका खेपेला फक्त अडकित्ते, दुसरीला फक्त दिवे. मुलांनी एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर वीस मिनिटं बसून चित्र काढायचं आणि निघायचं. सगळं संग्रहालय एका दमात दाखवलं की मुलांच्या डोक्यात काचेची कपाटं तेवढी उरतात.

मोठी सहल

थोरली सात वर्षांची, धाकटा तीनचा असताना आम्ही चार दिवसांची अजिंठा-वेरूळ सहल काढली. वीस हजारांच्या आसपास खर्च आला. होमस्कूलिंगवाल्यांना आठवड्याच्या मधल्या वारी जाता येतं, गर्दी टळते, म्हणून तसेच निघालो आणि वेरूळला नेमके मंगळवारी पोचलो. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. एक दिवस तिथेच गेला. मग तो भरून काढायला दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लेणी. दुपारी धाकटा रडायला लागला, थोरली पायरीवर बसून राहिली आणि मी तिला माहिती सांगत राहिले. परत आल्यावर तिला काय आठवत होतं? माकडं, आणि हॉटेलातला पंखा.

चार वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी फक्त वेरूळ, दोन दिवस, आणि त्यात मुख्य एकच: सोळा नंबरचं लेणं, म्हणजे कैलास मंदिर. मधल्या काळात पाताळेश्वर कितीतरी मंगळवारी बघून झालं होतं. कैलाससारखंच पाताळेश्वरही आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्याच काळातलं. अखंड खडकात कोरलेला तिथला गोल नंदीमंडप, भिंतींवर अर्ध्यातच राहिलेलं कोरीवकाम, सगळं मुलांच्या ओळखीचं. कैलासच्या अंगणात उभं राहून थोरलीने मान वर केली आणि विचारलं, "आई, म्हणजे यांनी आधी कळस केला आणि पायऱ्या शेवटी?" कैलास वरून खाली खोदत आणलंय, हे मी तिला सांगायच्या आत तिने बघून ओळखलं होतं. अधल्यामधल्या चार वर्षांची फी त्या एका प्रश्नात वसूल झाली.

मोठी सहल वाईट नाही. मात्र गावात पाया घातलेला नसेल तर ती मुलांच्या अंगावरून वाहून जाते.

दोन दिवसांची सहल चार दिवसांच्या सहलीपेक्षा मुलांना जास्त देते, असा माझा अनुभव आहे. आमची सगळ्यात चांगली सहल नाणेघाटाची. पुण्याहून साधारण सव्वाशे किलोमीटर, जुन्नरला मुक्काम. घाटाच्या तोंडाशी गुहेत सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी शिलालेख आहे, त्यात दानाचे आकडे कोरलेत. दगड झिजलाय, काही ठिकाणी अक्षर लागत नाही, म्हणून ब्राह्मी अंकांचा तक्ता छापून नेला होता. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी, आणि शून्य कुठेच नाही. धाकट्याने परतीच्या गाडीत खाऊचे पैसे त्या खुणांनी लिहायला सुरुवात केली. तीनशे पाच लिहिताना त्याच्या लक्षात आलं की शून्यावाचून काही अडत नाही, फक्त खुणा फार पाठ कराव्या लागतात. स्थानिक किंमत म्हणजे काय, हे मी त्याला वर्षभर एकक-दशकाच्या चौकटी आखून समजावत होते.

त्याच रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली ठेवतात. मुलं दहाच्या पुढची असतील तर नाणेघाट त्याच दिवसांत बसवा.

आजोळचा मुक्काम

माझं माहेर भोर तालुक्यात, भातशेतीचं गाव. दर जुलैत लावणीला आम्ही पंधरा दिवस जातो. याला सहल म्हणवत नाही, कारण तिथे मुलांना दाखवायचं काहीच नसतं, करायचं असतं. चिखलणी झालेल्या खाचरात मुलं रोपांच्या मुठी पोचवतात. किती ओळी झाल्या, किती मुठी उरल्या, हे मोजून सांगणं त्यांचं काम.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट घडली ती ओसरीवर. धाकट्याचे अपूर्णांक अडले होते. माझ्या आईने माळ्यावरून धान्याची जुनी मापं काढली: चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप पुढच्याच्या निम्मं. ती त्याला म्हणाली, "बाळा, पायली भर बघू चिपट्याने." तो भरत गेला, मोजत गेला, सोळा झाली. मग तिने विचारलं, "मग चिपटं म्हणजे पायलीचा कितवा भाग?" त्याने तांदळात हात घालूनच उत्तर दिलं. एक षोडशांश हा शब्द नंतर आला, त्याचं वजन आधी हाताला कळलं होतं.

याची किंमत वेगळीच असते. पैसे फारसे लागत नाहीत, पण प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. 'शाळेत कधी घालणार पोरांना?' हे पंधरा दिवस रोज येतं, कधी चुलत्यांकडून, कधी शेजारच्या काकूंकडून, आणि मुलांच्या समोर. आम्ही नवरा-बायकोने आधी बसून एकच उत्तर ठरवलं आणि मुलांनाही सांगितलं. ज्यांच्या घरात या विषयावर अजून तणाव आहे, त्यांनी पहिल्याच वर्षी लांब मुक्काम टाळावा, चार दिवस जावं. आणि ज्यांना गावच उरलेलं नाही त्यांनी कृषी पर्यटनाच्या जागेवर दोन रात्री काढून हेच मिळेल असं समजू नये. तिथे बैलगाडी आणि हुरडा मिळतो, पण तुमच्या मुलाच्या हातून एखादं काम राहिलं म्हणून कुणाचं अडत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याकडे वर्षातून तीनदा एकेक दिवस जा: पेरणीला, निंदणीला, कापणीला.

मग तुमच्या घराला काय?

मुलं आठच्या आतली असतील तर ठरलेला दिवस आणि आजोळ, बस. मोठ्या सहलीचे पैसे राखून ठेवा. नऊ ते बारा हे मोठ्या सहलींचं खरं वय, पण वर्षाला एक किंवा दोन, आणि प्रत्येकीच्या आधी तिचं लहान रूप बघून झालेलं असावं: वेरूळच्या आधी पाताळेश्वर, कार्ल्याच्या लेण्यांआधी भाजे. दोन मुलांत चार-पाच वर्षांचं अंतर असेल तर लहानाच्या झेपेवर दिवस आखा. मोठ्या मुलाला त्याच जागी जास्त खोल जाता येतं, लहानाला मात्र जास्त चालता येत नाही.

कोणाबरोबर जायचं? दर आठवड्याला फक्त आपलं घर. महिन्यातून एकदा आणखी दोन कुटुंबं, कारण घरशाळेतल्या मुलांना समवयस्क लागतातच. तीनपेक्षा जास्त कुटुंबं झाली की मोठी माणसं एकमेकांशी बोलत बसतात आणि मुलं खेळतात. खेळही हवाच, फक्त त्या दिवशी वही घरी ठेवा.

आणि तिन्ही पद्धतींत एक गोष्ट सोडू नका: दुसऱ्या दिवसाची सकाळ. आमच्याकडे बुधवारी दहापर्यंत बाकी अभ्यास नसतो. आदल्या दिवशीच्या वहीतलं एक चित्र नीट करायचं, एक प्रश्न निवडायचा, त्याचं उत्तर पुस्तकात, शब्दकोशात किंवा आजीला फोन करून शोधायचं. ही सकाळ आम्ही ज्या वर्षी गाळली, त्या वर्षीच्या वह्या आज उघडल्या तर नुसत्या तारखा आणि तिकिटं आहेत.

तेराव्या वर्षानंतर गणित बदलतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी द्यायची तर किमान वय चौदा लागतं. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे सगळे विषय एकदम अंगावर घ्यावे लागत नाहीत. तरी तयारीला सकाळच्या वेळा लागतातच. थोरलीचा मंगळवार यंदापासून अर्धा झालाय. महिन्यातून एकच टेकडी तिने स्वतःकडे ठेवलीय, ती पळसाची. बाकीच्या मंगळवारी धाकटा तिची जुनी वही पिशवीत टाकतो आणि माझ्याबरोबर खाणीपर्यंत चढतो, आणि परत आल्यावर कळ्या आल्या की नाही हे तिला सांगतो.