कॉम्प्रेसर पेडल घेताना आधी व्हॉल्यूम सारखा करा

डिले लावला की बँडमधले वळून बघतात, डिस्टॉर्शन लावलं की शेजारी वळून बघतात, कॉम्प्रेसर लावला की कोणीच बघत नाही, कारण तो फक्त जोरातला आणि हळू आवाज एकमेकांच्या जवळ आणतो. म्हणूनच हे पेडल लोक घेतात आणि थोड्याच दिवसांत विकायला काढतात, कारण एकतर "काहीच फरक पडत नाही राव" नाहीतर "गिटारचा जीवच गेला", मधलं काही नाही. मी गिटार आणि बेस दोन्हीवर बरेच कॉम्प्रेसर वापरलेत, काही स्वतःचे, काही मित्रांकडून उसने आणलेले, त्यावरून जे मत झालंय ते लिहितोय.

सगळ्यात आधी ट्राय कसं करायचं ते, कारण ९० टक्के फसवणूक इथेच होते. दुकानात पेडल समोर ठेवलं, लेव्हलचा नॉब अर्ध्याच्या पुढे आहे, स्विच दाबला, आवाज मोठा झाला आणि आपण म्हणतो वा! आता कानाला जे जोरात वाजतं तेच चांगलं वाटतं, हा कानाचा स्वभावच आहे, त्यात पेडलचं काही कर्तृत्व नाही. त्यामुळे पहिलं काम हे की नेहमीच्या जोरात एखादी कॉर्ड वाजवत राहा, स्विच चालू-बंद करत राहा आणि दोन्हीकडे आवाज सारखा येईपर्यंत लेव्हल खाली आणा. सारखा झाला की अर्धं "वा" तिथेच गळून पडतं आणि जे उरतं ते खरं पेडल, आणि पैसे त्याचे द्यायचे असतात. मला विचाराल तर हे न करता लिहिलेला कुठलाही रिव्ह्यू वाचू नका.

ते उरतं म्हणजे नेमकं काय? समजा कोणीतरी तुमच्या अँपच्या व्हॉल्यूमवर हात ठेवून बसलंय, जोरात वाजवलं की पटकन खाली करतंय, नोट विरायला लागली की परत वर आणतंय. किती जोरात वाजवल्यावर हात हलणार ते थ्रेशोल्ड, किती खाली आणणार ते रेशो. रेशो ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या ८ डीबी (डेसिबल) वर गेलेला सिग्नल बाहेर पडताना फक्त २ डीबी वर असतो. मग हे दाबलेलं सगळं मेकअप गेनने परत वर उचललं जातं, त्यामुळे हळू वाजवलेल्या नोट्स पुढे येतात आणि नोट जास्त वेळ टिकल्यासारखी वाटते. वाटते म्हणतोय, कारण तारेत नवीन ऊर्जा काही येत नाही, नोटेचं डोकं दाबलंय आणि शेपूट उचललंय, एवढंच. आणि शेपटाबरोबर सिंगल कॉइल पिकअपची घरघर, अँपचं हिस्स, आधीच्या पेडलांचा कचरा, सगळं वर येतं. कॉम्प्रेसर "नॉइझी आहे" अशी जी तक्रार असते त्यातली निम्मी तरी तुमच्याच गिटारची असते हे लक्षात ठेवा.

अटॅक आणि रिलीज हे दोन नॉब मात्र नीट वेळ देऊन समजून घ्या, पेडलचा सगळा स्वभाव त्यात आहे. तो हात किती पटकन खाली येतो ते अटॅक, किती पटकन परत वर जातो ते रिलीज. एकच तार घ्या, जी ची, पिकने एकदा मारा आणि वाट बघा. अटॅक फास्ट असेल तर पिकची ती "टक्" गायब होते आणि नोट मऊ, गोल येते, जरा ऑर्गनसारखी. अटॅक २०-३० मिलीसेकंदांकडे नेला की टक् आधी निसटून जाते आणि मग हात खाली येतो, म्हणजे पिकचा ठसा राहतो आणि मागचं अंग भरतं. फंक रिदमला किंवा कंट्रीच्या चिकन पिकिनला कुठला जास्त आवडतो ते तुम्हीच ठरवा, मला टक् ठेवलेला आवडतो. रिलीज ऐकायला एक मोठी कॉर्ड जोरात मारून सोडून द्या. विरता विरता आवाज मधेच फुगला तर त्याला पंपिंग म्हणतात, कधी मुद्दाम हवं असतं, बहुतेकदा नको असतं. आणि हो, नॉब उजवीकडे म्हणजे फास्ट की स्लो याचा काही नियम नाही, ज्या स्टुडिओ कॉम्प्रेसरवरून काही पेडलं बनलीत त्या १९६० च्या दशकातल्या ११७६ वर तर उजवीकडे फिरवलं की अटॅक फास्ट होतो, नवीन माणूस उलटंच धरतो. मॅन्युअल वाचा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता पेडलं. गिटारसाठी सुरुवात अजूनही एमएक्सआर डायना कॉम्पपासूनच करावी असं माझं मत, सत्तरच्या दशकातलं लाल डबं, दोनच नॉब, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. साध्या डब्यावर अटॅकचा नॉबच नाही, (मिनी व्हर्जनवर छोटं अटॅक बटण आहे), तो जसा दाबतो तसाच दाबतो, आणि तो "दाबलेला" आवाज म्हणजेच त्याची ओळख. ट्रान्सपरंट, म्हणजे मूळ आवाजाला हात न लावणारा वगैरे अजिबात नाही, सेन्सिटिव्हिटी अर्ध्याच्या पुढे नेली की हिस्स येतं, वरची चमक थोडी जाते, पण क्लीन टेलिकास्टरवर तो चटका दुसरं कोणी देत नाही. ओटीए प्रकारचं (त्या नावाच्या चिपने आवाज कमी-जास्त करणारं) हे सर्किट, रॉस कॉम्प्रेसर याच घराण्यातला आणि पुढे कीलीचा कॉम्प्रेसर रॉसवरून आला, त्यामुळे नावं वेगळी असली तरी बरेचसे कॉम्प्रेसर एकमेकांचे चुलत भाऊ आहेत. डेव्हिड गिल्मरच्या जुन्या रिगमध्ये डायना कॉम्प होता, नंतर बॉस सीएस-२ आला, आणि त्याच्या लांब लांब बेंड्सच्या मागे हे आहे म्हणून अनेकांनी ते घेतलं. घ्या, पण बोटं त्याचीच लागतात.

बॉस सीएस-३ १९८६ पासून चालू आहे, लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन असे चार नॉब, टोन असल्यामुळे गेलेली चमक परत आणता येते हा मोठा फायदा. सस्टेन आणि टोन दोन्ही वर नेले की मात्र हिस्स ऐकू येणारच, ते टोन नॉबचं कामच आहे. मला हा ठीक वाटतो, प्रेम जडलं नाही.

ज्याला एकदाच घ्यायचंय आणि परत विषय काढायचा नाही त्याने ब्लेंड नॉब असलेलंच घ्यावं, यावर मी भांडायला तयार आहे. ब्लेंड म्हणजे दाबलेला आणि मूळ सिग्नल एकत्र. कॉम्प्रेसर बऱ्यापैकी कडक लावा आणि खाली मूळ आवाज मिसळा, पिकचा जीवही राहतो आणि अंगही भरतं, स्टुडिओत ज्याला पॅरलल कॉम्प्रेशन म्हणतात ते पायाखाली मिळतं. वॉम्प्लर इगोमध्ये ब्लेंड आहे, अटॅक आणि टोनही आहे. कीली कॉम्प्रेसर प्लसवर ब्लेंड, टोन आणि सिंगल कॉइल की हमबकर, म्हणजे पिकअपचा प्रकार निवडायचा स्विच, तो स्विच रिलीज बदलतो. झोटिक एसपी तर एवढंसं आहे आणि त्यातही ब्लेंड, वर किती दाबायचं त्याचा लो-मिड-हाय टॉगल. तिघांत माझी पसंती झोटिकला, कारण बोर्डवर जागा लागत नाही आणि टॉगल मिडवर ठेवून विसरता येतं. आतले डिप स्विच (बारीक स्विच) फिरवत बसायचा नाद ज्याला आहे त्याने मात्र सुट्टीच्या दिवशीच उघडावं. ऑप्टिकल प्रकार ऐकायचा असेल तर डायमंडचा पिवळा कॉम्प्रेसर ऐका, आत प्रकाशावर चालणारा भाग असतो त्यामुळे हात हळुवार पडतो, आर्पेजिओ वाजवणाऱ्यांना फार आवडेल, झटके मारणाऱ्यांना नाही.

बेसवर आलं की गोष्ट वेगळीच होते, आणि इथे लोक गिटारचं पेडल उचलून लावतात आणि म्हणतात बॉटम कुठे गेला. साधं गणित बघा. बेसची ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे एक लाट पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलीसेकंद. पाच तारांच्या बेसची लो बी ३१ हर्ट्झच्या आसपास, तिथे ३२ मिलीसेकंद. रिलीज याच्याहून फास्ट ठेवला तर कॉम्प्रेसर नोट सोडून प्रत्येक लाटेच्या मागे धावायला लागतो, खाली-वर खाली-वर, आणि खालच्या तारेवर भुरभुर असं डिस्टॉर्शन येतं. लोकांना वाटतं स्पीकर गेला. स्पीकर गेलेला नसतो, रिलीजचा वेळ वाढवा. दुसरी गोष्ट, खालच्या फ्रिक्वेन्सीत ताकद जास्त म्हणून ई तार वाजली की कॉम्प्रेसर तिलाच बघून सगळं दाबतो, वरच्या जी तारेची चमकही त्याबरोबर बुडते. यावर तीन उपाय: ब्लेंड, साइडचेनमध्ये (कॉम्प्रेसर जे ऐकून दाबायचं ठरवतो त्या सिग्नलमध्ये) लो काढून टाकणारा फिल्टर (ओरिजिन इफेक्ट्सच्या बेसवाल्या कॅली७६ वर तसा नॉब आहे), किंवा मल्टीबँड.

मल्टीबँडमध्ये टीसी इलेक्ट्रॉनिकचा स्पेक्ट्राकॉम्प फार गमतीशीर आहे, एकच नॉब, लो-मिड-हाय वेगवेगळे दाबतो, आणि आतली सेटिंग टोनप्रिंट या टीसीच्याच सॉफ्टवेअरने बदलता येते. ज्याला नॉब बघून घाम फुटतो त्याच्यासाठी उत्तम. पण आत काय चाललंय ते दिसत नाही आणि शिकायला काही मिळत नाही, म्हणून नवीन बेसिस्टला मी एमएक्सआर एम८७ सांगतो. इनपुट, आउटपुट, अटॅक, रिलीज, रेशो, पाचही नॉब उघड, आणि वर एलईडींची रांग जी किती डीबी दाबलं जातंय ते दाखवते. ही रांग मला आवाजाइतकीच महत्त्वाची वाटते. रेशो ४:१ वर ठेवा, बोटांनी तुमच्या नेहमीच्या जोरात वाजवा, जोरातल्या नोटला ३ ते ६ डीबी दाबलं गेलं आणि हळू नोटला दिवे विझले तर इनपुट बरोबर आहे. दिवे सतत पेटलेलेच असतील तर तुम्ही वाजवताय तो आवाज कधी मोकळा सुटतच नाहीये. स्लॅपला रेशो ८ किंवा १२ वर चालतो, पण अटॅक पूर्ण फास्ट करू नका, अंगठ्याचा फटका मेला की स्लॅप ऐकायला मजा नाही. बॉसचा बीसी-१एक्सही चांगला, थ्रेशोल्ड, रेशो, रिलीज, लेव्हल आणि दिवे, फार स्वच्छ आहे, मला थोडा जास्तच स्वच्छ वाटतो. पण ड्रमर जोरकस असेल आणि बेस एका जागी बसून राहावा असं वाटत असेल तर तोच घ्या.

घरी एकट्याने लावलेली सेटिंग बँडमध्ये हमखास बदलावी लागते. घरी मस्त जाड वाटणारा कडक कॉम्प्रेशन बँडमध्ये बेसला मागे ढकलतो, कारण ड्रम्सच्या गर्दीतून नोटेचं तोंडच वर येत असतं आणि तेच आपण कापलेलं असतं. रेशो कमी करा, अटॅक स्लो करा, मग ऐका.

बोर्डवर कुठे? ओव्हरड्राइव्हच्या आधी, बहुतेकांसाठी विषय संपला. ओव्हरड्राइव्ह स्वतःच भरपूर दाबतो, त्याच्या नंतर कॉम्प्रेसर लावला तर मिळतं काय, तर वाढलेलं हिस्स. जुन्या पद्धतीचं फझ (खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) असेल तर ते गिटारला थेट जोडायचं आणि कॉम्प्रेसर त्यानंतर, नाहीतर गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर फझ जसं साफ होतं ते होत नाही. वाह आधी की नंतर ते दोन्ही करून बघा.

आणि घ्यायच्या आधी घरात काय आहे ते तपासा. मल्टी-इफेक्ट असेल तर त्यात कॉम्प्रेसर असणारच, बऱ्याच बेस अँपवरही एक नॉब असतो. रेकॉर्डिंगच करायचं असेल तर प्लगइनने नंतर दाबता येतं, वाजवताना दाबलेलं मात्र परत उलगडता येत नाही. पेडलचं खरं काम बोटांना हवं तसं वाटण्यासाठी आहे.

वापरलेलं घेत असाल तर एक करा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर, पेडलवर कॉम्प्रेशन पूर्ण, लेव्हल अर्ध्यावर, आणि नुसतं ऐका. थोडं हिस्स येणारच, पण खरखर, टकटक किंवा रेडिओसारखं काही येत असेल, किंवा नॉब फिरवताना चर्र होत असेल तर भाव करा, नाहीतर ठेवून या. पॉवर ॲडॉप्टर मात्र स्वतःचा न्या, खराब ॲडॉप्टरची घूं पेडलच्या माथी मारून चांगला सौदा सोडलेले लोक मी पाहिलेत.