तानसेन समारोह, ग्वाल्हेर: सकाळची सभा चुकवू नका

प्रवेश विनामूल्य आहे, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. किंमत मोजायची ती थंडीची. डिसेंबर, ग्वाल्हेरच्या हजिरा भागातलं उघडं मैदान, पाठीमागे सुफी संत मोहम्मद गौसचा मकबरा आणि त्याच्या सावलीला तानसेनाची छोटी समाधी. 1924 पासून इथे गाणं होतंय, 2024 मध्ये शंभरावा समारोह झाला. सुरुवात शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलादने (पैगंबरांच्या स्तुतिगायनाने) होते. हा पहिल्या दिवसाचा सकाळचा भाग बहुतेक पाहुणे झोपेत घालवतात. तसं करू नका. हरिकथा आणि मिलाद एकाच ठिकाणी, एकामागोमाग, दुसरीकडे सहसा ऐकायला मिळत नाहीत.

आमचं ठाम मत: एकच सभा (म्हणजे मैफलीचं एक सत्र) ऐकता येणार असेल तर सकाळची ऐका. पुण्या-मुंबईतल्या मैफली बहुतेक संध्याकाळच्या, त्यामुळे भैरव, तोडी, सारंग हे राग आपण रेकॉर्डवर नाहीतर अवेळी ऐकतो. इथे मियाँ की तोडी तिच्या प्रहरी, खुद्द मियाँच्या, म्हणजे तानसेनाच्या, समाधीपाशी कानावर पडू शकते. प्रत्येक सभेच्या आरंभी स्थानिक संगीत महाविद्यालयांचे विद्यार्थी ध्रुपद (ख्यालाआधीची जुनी गायकी) गातात. ते ‘मुलांचं’ म्हणून चहाला उठू नका. ख्यालाच्या या शहरात ध्रुपदाचा पाया अजून कसा घोकला जातो, ते त्यातच दिसतं.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. दव पडलं की तबल्याची पुडी ओल धरते, ढिली पडते आणि स्वर उतरतो. उलट, गारठ्याने तारा आखडतात आणि तानपुरा चढतो. त्यात मंचावरचे दिवे तापले की त्याच तारा पुन्हा उतरतात. म्हणून दोन रचनांच्या मधे हातोडी आणि खुंट्या चालू असतात. वादक वेळ काढतोय असं समजून कुरकुर करू नये. सतार-सरोद ऐकायची तर सूर सकाळी जास्त स्वच्छ मिळतो, हे त्यामुळेच.

बसायचं कुठे? पुढची रांग मिळवायला धडपडू नका. तिथे कलाकार दिसतो छान, पण स्पीकर बाजूला राहतात आणि मंचावरचे मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) कानात शिरतात. हार्मोनियम मोठी आणि तानपुरा गायब. आवाज जुळवणाऱ्याचं टेबल शोधा आणि त्याच्या जवळपास, मधोमध बसा. तो जे ऐकून मोजमाप करतो तेच तुम्हाला ऐकू येईल. सोबत शाल, कानटोपी आणि खाली घालायला जाड सतरंजी. धुक्याने गाड्या रखडतात, तेव्हा बाहेरगावाहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच पोचावं. चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात, पण मूळ झाड कधीच गेलं. आताच्या झाडाला ओरबाडू नका.

एक सभा तानसेनाच्या गावी, बेहटला होते. झिलमिल नदी, कललेलं शिवमंदिर, आणि गर्दी अगदी बेताची. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा, तिथे रिक्षा मिळणार नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालातली सभा देखणी, पण जागा कमी, लवकर जा.

गुण द्यायचेच तर गाण्याला पाचपैकी पाच, ऐकण्याच्या सोयीला साडेतीन. उघड्या मैदानाची ती मर्यादाच आहे.

सूचना असतील तर फेसबुकवर वाफ दवडू नका, पत्र लिहा. आयोजन राज्याच्या संस्कृती विभागाचं, म्हणून आमदाराला. मकबरा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, म्हणून त्याबद्दल खासदाराला. रस्ता आणि दिवे नगरसेवकाला. तिघांना एकच पत्र धाडलं की तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. एक पान, एक विषय, सभेची तारीख, नेमकी मागणी, आपला पत्ता आणि वॉर्ड.

हाच मार्ग एखाद्या कलाकाराचा कार्यक्रम दमदाटीने बंद पाडला जातो तेव्हाही चालतो, फक्त तिथे शब्द तोलून वापरावे लागतात. ‘आम्हाला वाईट वाटलं’ एवढं लिहून भागत नाही. घटनेच्या कलम 19(1)(क) चा (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) हवाला द्या आणि विचारा, की 19(2) मधल्या, म्हणजे त्यावर निर्बंध घालायच्या, कोणत्या कारणाखाली हा कार्यक्रम बसतो? ‘कायदा-सुव्यवस्था’ असं उत्तर आलं तर एस. रंगराजन खटल्याचा 1989 चा निकाल जोडा: धमक्या देणाऱ्यांना आवरता येत नाही, ही सरकारची सबब सर्वोच्च न्यायालयाने तिथे नाकारली आहे. मात्र भोंग्याचा आवाज या हक्कात घुसडू नका. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा नियम आहे. राज्य सरकार ठरावीक सणासमारंभांना बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंगाट हा मूलभूत हक्क नाही हे स्पष्ट केलं. या दोन गोष्टी एका पत्रात मिसळल्या की वाचणारा सोयीची तेवढी उचलतो.

पत्र कार्यालयात हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. महिनाभराने स्मरणपत्र लिहाल तेव्हा पहिल्या ओळीत तोच क्रमांक टाका.