फ्रिजमधली पिओनी, टबातली पिओनी: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मला कमळ नको होतं. पिओनी हवी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कशामुळे घडलं ते कळेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात कुडाळला भाचीचं लग्न झालं. स्टेजवर फिकट गुलाबी, गुबगुबीत, एकात एक पाकळ्या कोंबलेली फुलं लावली होती. गुलाब समजून हात लावला तर कापड निघालं. डेकोरेशनवाला मुलगा म्हणाला, "पिओनी आहेत मावशी. खऱ्या नाय परवडत." घरी येऊन मोबाईलवर एकदा ते नाव टाकलं आणि पुढचे चार महिने मोबाईलने मला दुसरं काही दाखवलं नाही.

ऑक्टोबरात ऑनलाइन मुळी मागवली. साडेआठशे रुपये, कुरियर वेगळं. खोक्यात कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात बोटाएवढी जाड मातकट मुळं आणि टोकाशी तीन लालसर डोळे. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "ही कसली कणगां हाडलंस गो?"

पिओनीचं गणित थंडीवर चालतं. हिवाळ्यात जमीन शून्य ते चार-पाच अंशांपर्यंत गार राहिली, तीही कित्येक आठवडे, तरच त्या डोळ्यांना वसंतात नीट जाग येते. वेंगुर्ल्यात पहाटे अठरा अंश झाले की आमच्याकडे कानटोप्या बाहेर निघतात. म्हणून फ्रिज. भोकं पाडलेल्या पिशवीत ओलसर कोकोपीट घालून मुळी भाजीच्या खणात ठेवली, दहा आठवडे. तेवढे दिवस त्या खणात फळ ठेवायचं नाही असा घरात हुकूम काढला, कारण पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि तो कळीच्या डोळ्यांना मारक. मिस्टरांचे चिकू दहा आठवडे बाहेर सडले. लाईट जायचे तेव्हा मी बर्फाच्या पिशव्या घेऊन मुळीची शुश्रूषा करत असे. आता लिहिताना लाज वाटते.

डिसेंबरअखेर कुंडीत लावली. डोळ्यांवर दोन इंचांपेक्षा जास्त माती नको, खोल गेली तर नुसती पानं येतात, फूल येत नाही, हे वाचलं होतं, ते पाळलं. जानेवारीच्या मध्यावर खरंच कोंब आले! कोकमाच्या कोवळ्या पालवीसारखे लालबुंद. वीतभर वाढले, तीन पानं उलगडली. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

त्याच महिन्यात पुण्याला जाणं झालं. बहिणीकडे गेले होते, पण खरं कारण एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन. अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया दर जानेवारीत भरवते ते. मुंबईला राणीच्या बागेतलं महापालिकेचं प्रदर्शनही पूर्वी पाहिलंय, पण तिथे गर्दी फुलांच्या आकृत्यांसोबत सेल्फी काढायला जास्त. एम्प्रेसला रोपं वाढवणारी माणसं स्वतः उभी असतात आणि दुपारी एकच्या सुमाराला, जेवणवेळी, ती बोलायला मोकळी सापडतात. मी हे मुद्दाम लिहितेय. सकाळी दहाला जाऊन काही उपयोग नाही, तेव्हा विक्री चालू असते.

डेलियाच्या स्पर्धेच्या टेबलाशी एक सत्तरीच्या बाई होत्या, स्वतःच्या कुंड्यांवर डोळा ठेवून बसलेल्या. मी मोबाईलमधला कोंब दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "जगवलंत खरं," म्हणाल्या, "पण मार्च काढणार नाही ती." लेक इंग्लंडला असल्यामुळे त्या दोनदा लंडनमधलं चेल्सीचं पुष्पप्रदर्शन बघून आल्या होत्या. 1913 पासून मे महिन्यात तिथल्या रॉयल हॉस्पिटलच्या मैदानावर भरतं ते. तिथले पिओनीवाले म्हणजे नुसती पिओनीच लावणारे लोक. सॉमरसेटमधली केल्वेज ही नर्सरी तर 1851 पासूनची. प्रदर्शनाच्या तारखेला फूल उमलावं म्हणून ते कळी घट्ट असताना नाही आणि उमलतानाही नाही, तर बोटांनी दाबल्यावर मऊ लागेल अशा बेताला कापतात आणि शीतगृहात कोरडीच ठेवतात. बाई बोटांनी हवेत कळी दाबून दाखवत होत्या. "म्हणजे तुम्ही मुळीला फ्रिजमध्ये ठेवता, ते फुलाला ठेवतात. त्यांच्याकडे मुळीसाठी बाहेरच फ्रिज आहे."

त्यांनीच सांगितलं की पिओनी आपल्या देशात आहे. पश्चिम हिमालयातल्या जंगलात, पांढऱ्या फुलांची. युनानी औषधांत जिला ऊद सलीब म्हणतात ती हिचीच मुळी. सावंतवाडीला लहानपणी अत्तरवाल्याकडे ऊद सलीब हे नाव ऐकलं होतं, अत्तराचंच एखादं नाव समजत होते मी.

मग त्यांनी मला दोन स्टॉल पलीकडे पाठवलं. "तिकडे पिओनी मिळेल तुम्हाला," म्हणाल्या आणि हसल्या.

तिथे एक नवरा-बायको, प्लॅस्टिकचे टब आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले कंद. टबांवर चिठ्ठ्या: पिंक क्लाउड, अमेरी पिओनी, व्हाइट पिओनी. कमळं! पाकळ्यांची गच्च भरण पिओनीसारखी म्हणून नाव तसं. काकांशी पाऊण तास बोलले. त्यांना कमळाशिवाय दुसरा विषयच नव्हता, आणि काकू मधूनमधून "अहो, गिऱ्हाईक" म्हणून त्यांना भानावर आणत होत्या. लखनौच्या एनबीआरआय या वनस्पती संशोधन संस्थेने 2023 मध्ये 108 पाकळ्यांचं 'नमोह 108' हे कमळ काढलं तेही त्यांनी सांगितलं, आणि पाकळ्या मोजणाऱ्या लोकांबद्दल त्यांचं मत काय तेही. मला मात्र त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो उन्हाचा. "सहा तास सरळ ऊन आहे? माडाची सावली नाही ना?" मी म्हटलं, सावली आहे. "मग टब कुठे ठेवणार ते ठरवून या, तोपर्यंत कंद बाजूला ठेवतो." पैसे न घेता गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस पाहून मीच घाबरले. बहिणीच्या गच्चीतून घरी फोन लावला, विहिरीजवळचा कातळाचा तुकडा ठरवला आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट पिओनीचा कंद घेतला. सहाशे रुपये.

खरी पिओनी 17 मार्चला गेली. बाई बरोबर होत्या. दमट उष्मा सुरू झाला तशी एका आठवड्यात देठाशी काळी पडून आडवी झाली. उकरलं तर मुळी कुजलेली, वास येत होता. कोकणात कुणी पिओनीची मुळी विकत घेण्याच्या विचारात असेल तर त्याने साडेआठशे रुपयांचे चिकू घ्यावेत.

आता टबातली. चोवीस इंच रुंद, फूटभर उंच, बिनभोकाचा काळा टब, साडेचारशेला. माती हा इथला खरा प्रश्न. आमची जांभ्याची तांबडी माती पाण्यात बसत नाही, गढूळ राहते. नर्सरीची हलकी, पालापाचोळ्याची माती तर पाण्यावर तरंगते. दिराच्या कुणग्यातली भाताची चिकण माती आणली, चार घमेली. तळाला जुनं शेणखत फक्त दोन ओंजळी, वर पाच-सहा इंच चिकण माती. शेणखत जास्त झालं की ते पाण्याखाली आंबतं आणि कंद कुजतो, काकांनी तीनदा बजावलं होतं. कंद आडवा ठेवला, कोंब वर, अंगावर दोन बोटं माती आणि तरंगू नये म्हणून कापडात गुंडाळलेला दगड. पाणी सुरुवातीला चारच इंच.

दहाव्या दिवशी नाण्याएवढी पानं पाण्यावर आली. मग मोठी तरंगणारी. ही सगळी बाळपानं. जोवर देठावर उभं राहणारं पान येत नाही तोवर खत घालायचं नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम, आणि तो मी मोडला. 19:19:19 या मिश्रखताचे दोन चमचे सरळ पाण्यात टाकले. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, पाणी शेवाळाने हिरवं झालं. सगळं पाणी उपसून बदललं, पंधरा दिवस वाया. आता उभी पानं भरपूर असताना वीस दिवसांनी एकदा, अर्धा चमचा वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून, कंदापासून लांब मातीत खुपसते. मे महिन्यात मावा आला, तो पाण्याच्या फवाऱ्याने धुतला. पान कुरतडणाऱ्या अळ्या हातानेच काढते. तेलकट फवारा मारू नये, ऊन पडलं की पान भाजतं. डासांसाठी गप्पी मासे सोडले. त्यांतले निम्मे खंड्याने नेले, उरलेल्यांनी वंश वाढवला.

पहिली कळी 19 एप्रिलला दिसली. कळीचा देठ पानांच्या वर जातो, दोन आठवडे रोज उठून बघावं एवढाच उद्योग. पहिल्या दिवशी पहाटे थोडंसं उघडलं, अकराला मिटलं. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी पुरतं उघडलं, वाडग्याएवढं पांढरं, आत पाकळ्यांचा नुसता गजबजाट, आणि वास मंद, ओल्या तांदळासारखा. चौथ्या दिवशी पाकळ्या पाण्यावर. कमळाचं फूल स्वतःची उष्णता तयार करतं, बाहेर दहा अंश असले तरी आत तीस-पस्तीस राखतं असं वाचल्यावर मी पहाटे त्यात बोट घालून पाहिलं. काही कळलं नाही. आमची हवाच तेवढी.

मे ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सात फुलं. इथवर पाचपैकी पाच तारे.

मग पाऊस. आमच्याकडे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि स्टॉलवरच्या पुणेकर काकांना त्याची कल्पना नव्हती, हे त्यांनी नंतर फोनवर मान्य केलं. टब रोज वाहतो. माती धुपते, खत वाहून जातं, मासे अंगणात येतात. मी टबाच्या काठाशी दोन भोकं पाडून जाळी लावली तेव्हा मासे थांबले. पण ऊन कुठून आणणार? जुलैत पाच कळ्या आल्या, पाचही वाटाण्याएवढ्या असतानाच काळ्या पडल्या. वाऱ्याने उभी पानं मोडली. इथे एक चूक करू नका: मोडलेला देठ पाण्याखाली कापायचा नाही. देठ आतून पोकळ नळ्यांचा असतो, त्यातून पाणी कंदापर्यंत शिरतं आणि कंद सडतो. पाण्याच्या वर चार बोटं ठेवून कापायचं. मी एक खाली कापला होता, त्या बाजूची वाढच थांबली.

जूनमध्ये आणखी एक शहाणपणा केला. ऑनलाइन 'पिवळी पिओनी' म्हणून कंद मागवला, साडेनऊशे. ऑगस्टच्या एका उघडिपीत फुललं. गुलाबी, एकेरी, तळ्यातलं साधं कमळ. विक्रेत्याने उत्तर दिलं की कोकणच्या पाण्यामुळे रंग बदलला असेल. यावर काय बोलायचं! बियांचं तर विचारूच नका. 'निळं कमळ, दहा बिया 199' अशा जाहिराती येतात, निळं कमळ नसतंच, निळ्या असतात त्या वॉटर लिली, आणि कमळाच्या बीपासून आईसारखंच फूल येईल याची खात्री नाही. बी टिकते मात्र जबरदस्त. जपानमध्ये ओहगा नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1951 मध्ये सुमारे दोन हजार वर्षं जुनी बी रुजवली, तिला पुढच्या वर्षी फूल आलं.

सासूबाईंना गणपतीला कमळ हवं होतं. आवसानंतर तीन दिवस कडक ऊन पडलं आणि चतुर्थीला एक कळी तयार होती. पण कमळाची कापलेली कळी घरात सहसा उमलत नाही, गुलाबासारखं पाण्यात ठेवून भागत नाही. मी हिरमुसले. सासूबाईंनी कळी घेतली, बाहेरची एकेक पाकळी आत दुमडली, बारा-पंधरा घड्या, आणि फूल तयार. त्यांना हे माहेरी शिकवलेलं होतं. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं.

ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा दोन फुलं आली. वर्षभराचा हिशेब केला तर चार-साडेचार महिनेच इथे फुलांचे, आणि पावसाळ्यासाठी मी एक तारा कमी करते. उन्हाची जागा नसेल तर तीन कमी करा, म्हणजे घेऊच नका. माती, टब, कंद धरून बाराशेच्या आत झालं, पिवळ्या पिओनीचे पैसे सोडून.

जानेवारीत टब उपसून कंद वेगळे करायचे आहेत. किती निघतील ते तेव्हाच दिसेल, पण शेजारच्या दोघींनी आणि सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या एकीने आधीच नाव लावून ठेवलंय. सासूबाई त्यांना कमळ म्हणून सांगत नाहीत. "पिवनी आसा ती," म्हणतात, "थंडी लागना नाय तिका."